सात सेकंदांचं तेल

रिमोटवरची शर्यतीची गाडी मला चालवता येत नाही. ती कशी चालली पाहिजे हे मात्र रत्नागिरीत माझ्याइतकं कुणाला कळत नाही. हे मी छाती पुढे काढून सांगते. ज्याला पटत नसेल त्याने कुठल्याही रविवारी भाट्याच्या वरच्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर यावं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. आणि खेळण्यातली गाडी म्हणू नये. तसं म्हणणाऱ्या माणसाला मी एकदा पूर्ण दीड तास उन्हात उभं करून समजावून सांगितलं होतं. तो पुन्हा म्हणाला नाही.

गाडी आणली माझ्या नवऱ्याने. अपूर्व जहाजावर इंजिनियर आहे. २००१ साली सिंगापूरहून येताना त्याने ती हातभर लांबीची बॅटरीवरची बग्गी आणली, चार दिवस अंगणात फिरवली, पायरीवर आपटली आणि बोटीवर निघून गेला. मी मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. मोडकी वस्तू घरात पडून राहिलेली मला बघवत नाही. मी स्क्रूड्रायव्हर घेतला, गाडी उघडली, आणि आत जे दिसलं त्यापुढे मला जेवायचंही भान राहिलं नाही. प्रत्येक चाकाला वेगळा शॉक, म्हणजे तेलाने भरलेली बोटाएवढी नळी, तिच्याभोवती स्प्रिंग, नळीत वरखाली होणारा दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक भोकं. पाठ्यपुस्तकात मी जे वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले ते सगळं तिथे जिवंत होतं.

चालवणारी मिळाली घरातच. ऋजुता, अपूर्वची धाकटी बहीण, माझी नणंद. तेव्हा वीस वर्षांची होती. एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. पेन्सिलचे नकाशे दहाजण काढतात, पण त्यावर शाईने शेवटची रेघ मारायची ती ऋजुतानेच, असं तिचे साहेब म्हणायचे. रिमोटला दोन दांड्या असतात, डावीने वेग आणि उजवीने वळण, आणि सगळा खेळ अंगठ्यांचा. तिने पहिल्याच दिवशी गाडी तुळशीवृंदावनाभोवती वीतभर अंतर राखून पाच वेळा फिरवली. मी म्हटलं, झालं. अंगठा तिचा आणि डोकं माझं.

आता तेलाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. स्प्रिंग गाडीला उचलते आणि तेल स्प्रिंगला आवरतं. तेल फार पातळ असेल तर गाडी खड्ड्यातून निघाल्यावरही डुलत राहते. फार घट्ट असेल तर चाक खाली यायला वेळ लावतं, आणि जे चाक जमिनीला टेकलेलंच नाही ते वळणार कसं? सिंगापूरच्या खास तेलाची बाटली संपली तेव्हा मी मुंबईच्या दुकानाला पत्र घातलं. दोन महिने उत्तर नाही. मग मी माझं तेल स्वतः बनवलं. एरंडेल फार घट्ट आणि खोबरेल फार पातळ, तेव्हा दोन्ही मिसळायची. किती, ते ठरवायला शाळेतून एक परीक्षानळी आणली आणि मोडक्या बेअरिंगमधला मोहरीएवढा छर्रा. नळीत तेल भरायचं, वरून छर्रा सोडायचा, तळाला जायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. शॉकमधून काढून घेतलेल्या सिंगापूरच्या तेलात तो सात सेकंदांत जायचा. माझं मिश्रणही सात सेकंदांवर आणलं. सड्याच्या खरखरीत कातळावर गाडी अशी काही चालली की ऋजुता रिमोट गळ्यात अडकवून चक्क नाचली.

पहिली मोठी शर्यत झाली २००४च्या जानेवारीत, पोफळीला. तिथल्या वीजघराच्या वसाहतीतल्या हौशी मंडळींनी मैदानावर लाल मातीचा मार्ग केला होता. शनिवारी दुपारी प्राथमिक फेऱ्या झाल्या, त्यांत ऋजुता पहिली. रविवारी सकाळी साडेआठला अंतिम फेरी. पहिल्याच चकरेत, तिसऱ्या वळणाआधीच्या उंचवट्यांवर गाडीची मागची बाजू टणाटण उडायला लागली. ऋजुताने सावरायला बघितलं आणि गाडी तीन कोलांट्या खाऊन गवतात उलटी पडली. शर्यत जिंकली देवदत्तने. हा तिथलाच इंजिनियर, बोलायला गोड. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, गाडी तुमची अव्वल आहे. चालवणारीला मात्र जरा धीर द्या. हात थरथरला तिचा."

मी ऐकून घेणारी बाई नव्हे. घरी आल्यावर, सोमवारी दुपारी शाळेतून येऊन मी चारही शॉक उघडले. तेल पाण्यासारखं स्वच्छ. छर्रा टाकला, भरताना मोजले होते तेवढेच सेकंद. स्प्रिंगा ठीक, चाकांचे कोन ठीक. गाडीत दोष नाही, म्हणजे दोष चालवणारीत. गणित इतकं सरळ होतं की मी ते ऋजुताला जेवताना पानावरच सांगितलं.

"अंगठा थरथरला तुझा, ऋजू. दडपण आलं."

"मला तसं वाटलं नाही गं वहिनी. गाडी आपणहून उडाली."

"गाडी आपणहून उडत नसते. त्याला कारण लागतं."

मग वर्षभर मी तिचा अंगठा सुधारला. रोज संध्याकाळी अर्धा तास. अंगणात खडूने रेघ मारायची आणि गाडी त्या रेघेवरून न्यायची. पुढे तर मी तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखावर रुपयाचं नाणं ठेवायला लागले. वळण घेताना ते पडता कामा नये. पडलं की पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हणायचे, रडून अंगठा स्थिर होत नाही.

मार्चमध्ये तिने साहेबांना सांगून शाईचं काम सोडलं. "हाताचा भरवसा नाही राहिला, पेन्सिलचंच देत जा," असं म्हणाली. शाईची रेघ ऑफिसातल्या दुसऱ्या मुलीकडे गेली. हे मला तिने नाही, तिच्या साहेबांच्या बायकोने बाजारात सांगितलं. माझ्या मनात काय आलं, तेही सांगते, कारण आता लपवण्यात अर्थ नाही. मनात आलं की बरं झालं, निदान तिला स्वतःचा दोष तरी कळला.

या वर्षीच्या शर्यतीला मी पुरती तयार होते. गेल्या वेळी वहीत लिहून ठेवलेल्या प्रमाणात मी एकच बदल केला होता. पोफळीला सकाळी थंडी असते, आणि थंडीत तेल घट्ट होतं हे मी आठवीच्या मुलींना शिकवते. तेव्हा गेल्या वर्षीही मी पोफळीसाठी खोबरेलाचं प्रमाण थोडं वाढवलं होतं. या वर्षी आणखी वाढवलं, म्हणजे थंडीतसुद्धा तेल पातळ राहील. गुरुवारी सकाळी खोबरेलाची बाटली काढली, ती थिजलेली होती, जानेवारीत थिजतेच. नेहमीसारखी पायरीवर उन्हात ठेवली, वितळल्यावर त्यातलं थोडं केसांना लावलं आणि उरलेलं मोजून एरंडेलात मिसळलं.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

शनिवारी आम्ही एस्टीने चिपळूण आणि तिथून दुसऱ्या एस्टीने पोफळी गाठली. दुपारच्या सरावात गाडी मातीवरून अशी गेली की देवदत्त आपली गाडी सोडून बघत राहिला. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांना एरंडेलाचा वास सोसत नव्हता, म्हणून गाडीची पेटी रात्री व्हरांड्यात ठेवली. गेल्या वर्षीही तिथेच ठेवली होती.

या वर्षी गाड्या जास्त होत्या, त्यामुळे रविवारी सकाळीच दोन प्राथमिक फेऱ्या होत्या, पावणेआठला आणि सव्वानऊला. दोहोंतली चांगली धरायची आणि त्यातले सहाजण दहा वाजता अंतिम फेरीत. पावणेआठला मैदानात सगळे स्वेटर, मफलर घालून उभे होते. पोफळी सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. सूर्य उगवलेला असतो, पण डोंगर चढून मैदानात यायला त्याला साडेनऊ-दहा वाजतात. तोवर सगळी सावली.

पहिली फेरी सुरू झाली आणि तिसऱ्या वळणाआधीच गाडी उडायला लागली. टणाटण, टणाटण. उडी मारून खाली आली की वाकडी पडायची. ऋजुताने ती उलटू दिली नाही एवढंच, पण सगळ्या गाड्या पुढे निघून गेल्या. मी कठड्याला टेकून ओरडत होते, "अंगठा! ऋजू, अंगठा!" चारचौघांत ओरडत होते. माझा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय झालेला आहे, तो अख्ख्या मैदानाला ऐकू गेला.

ती शेवटची आली. चालवणाऱ्यांच्या मचाणावरून खाली उतरली, रिमोट गळ्यातून काढला आणि माझ्या हातात दिला.

"तू चालव. नाहीतर देवदत्तदादांना दे. मी आता नाही चालवणार."

"अगं, अजून एक फेरी आहे!"

"वहिनी, वर्षभर तू सांगितलंस ते सगळं केलं मी. नाणं एकदाही पडत नाही आता. तरी हे असंच होतंय. म्हणजे माझ्या हातातच काहीतरी बिघडलंय. घरी जाते मी."

तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. ती जाऊन मैदानाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर पाठ करून बसली.

मी गाडी उचलली. राग इतका आला होता की ती मी टेबलावर जवळजवळ आपटलीच. मागची बाजू तळहाताने दाबली. गाडी खाली बसली आणि खालीच राहिली. मग हळूहळू, म्हातारं माणूस पाटावरून उठतं तशी, थांबत थांबत वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. मी मागचा उजवा शॉक सोडवला, वरचं झाकण फिरवून काढलं आणि आत बघितलं.

आत पांढरं होतं. रव्यासारखं दाणेदार, पांढरं. नळी उलटी केली तरी थेंब पडेना.

खोबरेल थिजलं होतं. आणि दट्ट्याच्या बारीक भोकांत त्याचे दाणे अडकून बसले होते. दट्ट्या झटपट हलेना, मग उंचवट्यावर चाकाऐवजी अख्खी गाडीच उडणार.

मी तिथेच, त्या ओल्या गवतात बसले. पहिल्यांदा आठवलं ते गेलं वर्ष. तीच जागा, तोच व्हरांडा, तीच सकाळची थंडी. आणि मी तेल तपासलं कधी, तर दुसऱ्या दिवशी, रत्नागिरीच्या भर दुपारी. पुरावा वितळून गेल्यावर मी तो शोधत बसले होते, आणि सापडला नाही म्हणून एका निर्दोष पोरीला वर्षभर शिक्षा दिली होती. जन्मभर ज्या बाईने हिवाळ्यात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवली त्या बाईने! पातळ राहावं म्हणून मी थिजणारंच तेल वाढवत गेले होते. घड्याळात पावणेनऊ झाले होते. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, पण लाजेला वेळ नव्हता. अर्ध्या तासात दुसरी फेरी होती.

एरंडेल आपल्याकडच्या कितीही थंडीत थिजत नाही, आणि त्याची छोटी बाटली, परीक्षानळी आणि छर्रा माझ्या पेटीत होते. पातळ करायला न थिजणारं तेल हवं होतं. मैदानाच्या फाटकापाशी सोनूबाई नावाच्या एका बाईंनी वड्यांची गाडी लावली होती. मी उरलेले तीन शॉकही सोडवले, चारही मुठीत धरले आणि पेटी घेऊन तिकडे धावले.

"वाटीभर गोडेतेल द्या. कढईतलं नको, डब्यातलं कोरं द्या."

"कशाला व्हया गो बाय, गोडंत्याल?"

"गाडीत घालायला."

सोनूबाईंनी हातातला झारा खाली ठेवला. "गाडीत? आता गाड्यापन वडं तळायला लागल्या काय?"

पण दोन वाट्या तेल दिलं. वर त्यातली एक वाटी शेगडीच्या कडेला ठेवून जरा कोमटही करून दिली, आणि मी मागितलं नव्हतं तरी पुसायला एक जुनं स्वच्छ धडपं पुढे केलं. मी शॉक त्या कोमट तेलात बुडवले, दट्ट्या वरखाली करून सगळे दाणे वितळवून काढले, पुसले. मग एरंडेलात दुसऱ्या वाटीतलं थंड गोडेतेल थोडं थोडं घालत नळीत छर्रा सोडायला लागले. पहिल्यांदा बारा सेकंद. आणखी गोडेतेल. नऊ. आणखी थोडं. मोजायला सोनूबाईच उभ्या राहिल्या. मी "सोडला" म्हटलं की त्या एक, दोन म्हणायच्या. तिसऱ्या खेपेला त्या "सात" म्हणाल्या आणि माझ्या घड्याळातही सातच होते. त्या थंडीत, त्या सावलीत सात. हेच मी आधी करायला हवं होतं. जिथे गाडी पळायची तिथली हवा धरून तेल मोजायचं. शाळेतल्या पोरींना मी ह्यापेक्षा साध्या चुकीसाठी बाकावर उभं करते.

नऊ वाजून दहा मिनिटांनी गाडी उभी होती. दाबली, तर गपकन बसली आणि एका दमात, न डुलता वर आली. मी टाकीपाशी गेले.

"ऋजू, ऊठ. तेल बदललंय. आता नीट चालेल."

तिने मान वळवली नाही. "तू पुन्हा अंगठा म्हणणार."

"नाही म्हणणार. शब्दसुद्धा काढणार नाही."

"नक्की?"

"नक्की. चल."

ती उठली. तेव्हाच मी सांगायला हवं होतं. चार वाक्यं लागली असती. मी स्वतःला सांगितलं की शर्यतीच्या तोंडावर तिचं मन विचलित व्हायला नको. कारण उत्तम होतं, कुणालाही पटलं असतं. पण खरं सांगायचं तर माझी जीभ उचलली नाही.

दुसऱ्या फेरीत ती पहिली आली, देवदत्तच्या गाडीला अर्धी चक्कर मागे टाकून. अंतिम फेरीचं काय सांगू? गाडी त्या उंचवट्यांवरून गेली तेव्हा चाकं वरखाली होत होती आणि गाडीचं अंग मात्र हलत नव्हतं. मधल्या चकरांत देवदत्तने तिला आतल्या बाजूने गाठलं. दोन गाड्या एकमेकींना घासून वळल्या आणि मी तोंडावर दोन्ही हात दाबून धरले, कारण शब्द दिला होता. ऋजुताने वेग सोडला नाही. उजव्या अंगठ्याने तिळाएवढी दांडी हलवली, गाडी बाहेरून निघाली आणि पुढच्या वळणाला देवदत्तच्या नाकासमोरून आत शिरली. तिथून पुढे ती एकटीच होती. मागे धूळ आणि पाच गाड्या. चालवणारा असा असावा आणि गाडी अशी असावी. मी कठड्यावर बुक्क्या मारत होते आणि हाताला लागतंय हेही कळत नव्हतं.

शर्यत संपल्यावर सगळे माझ्याभोवती जमले. देवदत्त हात जोडून म्हणाला, "वहिनी, मानलं तुम्हाला. वर्षभरात घडवलीत तिला. गेल्या वर्षीची ती घाबरट पोरगी कुठे गेली?" ध्वनिक्षेपकावर वसाहतीतले भागोजी बोलत होते. तेही म्हणाले की ह्या यशामागे उमाताईंची, म्हणजे माझी, शिस्त आहे. मी हसून मान हलवत राहिले. हे कौतुक घशाखाली उतरत नव्हतं, पण थुंकूनही टाकवत नव्हतं.

मग ऋजुता आली. केस धुळीने लाल झालेले, चेहरा फुललेला. तिने मला मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "वहिनी, तुझंच बरोबर होतं गं. मी तुझ्यावर मनातून किती चिडायची! पण तू अंगठा सुधारलास म्हणून जमलं हे. नाहीतर माझ्या हातात काही राम नव्हता."

हे मात्र मला सहन झालं नाही. लोकांनी मला चुकून मोठं म्हटलं ते मी कदाचित पचवलंही असतं. पण ही पोरगी जिंकल्यावरसुद्धा स्वतःला बिघडलेलीच समजत होती.

"ऋजू, तुझा अंगठा कधी बिघडलाच नव्हता," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"शॉकमध्ये खोबरेल होतं. ते थिजलं. सकाळच्या फेरीत गाडी उडाली ती त्यामुळे. गेल्या वर्षीही तेच झालं होतं. माझी चूक. दोन्ही वेळा माझीच."

ती मिठीतून मागे सरकली.  मला वाटलं ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुला कधी कळलं?"

"पावणेनऊला."

तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "आता सव्वाअकरा झालेत, वहिनी."

 वर्षभराची चूक नकळत झालेली होती. हे अडीच तास मात्र मी जाणूनबुजून घेतले होते, आणि नेमकं तेच तिने पकडलं.

"मी शाई सोडली ते ठाऊक होतं ना तुला?" तिने विचारलं.

"हो."

"आणि गेल्या वर्षी मी जिंकले असते."

"नक्की जिंकली असतीस. गेल्या वर्षी शनिवारच्या फेऱ्यांत तूच पहिली होतीस."

तिचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी स्वच्छ होता. "मग मला एकटीला कानात सांगून काय उपयोग? हात थरथरला, घाबरट पोरगी, हे सगळ्यांसमोर म्हटलं गेलं. तू सकाळी ओरडलीस तेही सगळ्यांसमोर. आता त्यांना सांग."

"आत्ता?"

"आत्ता. लोक आहेत तोवर."

मी पंधरा वर्षं शिकवते. कुणाही माणसासमोर बोलायला मी कधी घाबरले नाही. त्या मैदानातून ध्वनिक्षेपकापर्यंतची तीस पावलं मात्र माझी सरता सरेनात. ऋजुता माझ्या बरोबरीने चालत होती. मागे नाही, पुढे नाही. भागोजींच्या हातातून मी माइक घेतला. घसा खाकरला, तोही सगळ्या मैदानाला ऐकू गेला.

"एक दुरुस्ती आहे," मी म्हटलं. "गेल्या वर्षी ऋजुताची गाडी उलटली, ती तिच्यामुळे नाही. तिचा हात थरथरला नव्हता. आज सकाळीही नाही. शॉकमध्ये तेल मी चुकीचं भरलं होतं. ते थंडीत थिजलं. ती थिजलेली गाडी आज सकाळी तिने एकदाही उलटू दिली नाही, हे तिचं कसब. मी वर्षभर तिला दोष दिला. सकाळी तुमच्यासमोर ओरडले. ती निर्दोष आहे."

 मग देवदत्तने, इंजिनियरच तो, खरोखरच्या कुतूहलाने विचारलं, "पण वहिनी, थिजलं म्हणजे? असं कुठलं तेल घातलं होतंत?"

टाळता आलं असतं. मी माइक तोंडाशी धरला आणि म्हटलं, "खोबरेल."

 मग मागून कोणीतरी ओरडलं, "खोबरेल? जानेवारीत?" आणि सगळं मैदान फुटलं. कोकणातली माणसं ती. घराघरांत त्या सकाळी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवलेली होती. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून हसत होत्या. देवदत्त डोळे पुसत होता. फाटकापाशी सोनूबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगो बाय माज्या! शिकवतंस ना गो तू?" भागोजींनी माझ्या हातातून माइक घेतला, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं, म्हणून ते तो तसाच धरून उभे राहिले.

माझे कान तापले होते. एरवी मी एकेकाला नाव घेऊन गप्प केलं असतं. पण मी बाजूला बघितलं आणि तशीच उभी राहिले.

ऋजुता हसत नव्हती. वर्षभर ती माणसांत आली की नजर आपल्या हाताकडे न्यायची. मी ते रोज बघत होते आणि मला ती सवय वाटायची. आत्ता तिचे हात दोन्ही बाजूंना मोकळे होते, मान ताठ होती, आणि ती त्या हसणाऱ्या माणसांकडे एकेक करून, सरळ डोळ्यांत बघत होती. देवदत्तचं हसू तिच्या नजरेखाली विरलं. तो पुढे आला आणि खाली मान घालून म्हणाला, "ऋजुता, चुकलो मी."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाकडे बघायला लागली.